कायदा सगळं गृहीत धरतो, शाळा काहीच सांगत नाही

समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक मुलगी आहे. वय सतरा, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. चंदगडकडच्या वीस वर्षांच्या मुलाशी तिचं जमलं. घरी कळलं, आरडाओरडा झाला, आणि शेवटी दोन्हीकडच्या मोठ्यांनी ‘चार लोकांत शोभा होण्यापेक्षा उरकून टाकू’ असं ठरवलं. आपल्या भागात यात नवल काही नाही. मांडव कुठं घालायचा एवढंच ठरायचं राहिलं, आणि खरी गोम तिथंच आहे.

मांडव खानापुरात पडला, तर कायद्याच्या लेखी लग्न झालेलंच नाही. कर्नाटकानं २०१६ साली केंद्राच्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात दुरुस्ती केली आणि २०१७ मध्ये तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यानंतर राज्यात लागलेला बालविवाह मुळातूनच रद्दबातल. हाच मांडव हद्द ओलांडून चंदगडला पडला, तर महाराष्ट्रात केंद्राचा २००६ चा मूळ कायदा चालतो. तिथं लग्न टिकतं. ते नको असेल तर अल्पवयात लग्न झालेल्यानं कोर्टात जाऊन रद्द करून घ्यायचं, आणि त्यासाठी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांची मुदत. एकच मुलगी, एकच मुलगा, मधे काही मैलांचं अंतर. पण एकीकडे ती बायको आहे आणि दुसरीकडे नाही.

शिक्षेची तरतूद मात्र दोन्हीकडे आहे. लग्न लावणारे, ठरवणारे, हौसेनं अक्षता टाकायला जमलेले, सगळेच अडकू शकतात: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यापुढची गोष्ट याहून जड आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, मग ती लग्नाची बायको का असेना. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात हे स्पष्ट केलं. तिची संमती होती का, हा प्रश्नच कायदा विचारत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखाली अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षं शिक्षा आहे. मुलगी सोळाच्या आतली असेल किंवा गरोदर राहिली असेल, तर किमान वीस. आणि ही मुलगी तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात गेली, तिनं वय सतरा सांगितलं, की डॉक्टरवर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता मला सांगा, यातलं या दोघांना शाळेत कुणी काय सांगितलं होतं? शाळेतल्या लैंगिक शिक्षणाचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

धारवाडच्या खंडपीठानं विचारलेला प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातले खटले वरच्या कोर्टात जातात ते कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं असंच एक प्रकरण होतं. सतरा वर्षांची मुलगी मुलाबरोबर निघून गेलेली, वडिलांची तक्रार, मुलावर पोक्सो; आणि खटला उभा राहीपर्यंत दोघांचं लग्न होऊन संसार सुरू झालेला. मुलाची सुटका कायम ठेवताना न्यायमूर्तींनी दोन गोष्टी सुचवल्या. संमतीच्या वयाबद्दल विधी आयोगानं पुन्हा विचार करावा, ही एक. दुसरी राज्याच्या शिक्षण खात्यासाठी होती: किमान नववीपासून पुढच्या मुलामुलींना या कायद्याची माहिती देणारं साहित्य तयार करा, म्हणजे काय केलं की गुन्हा होतो हे त्यांना आधी कळेल.

विधी आयोगानं २०२३ च्या आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय अठराच राहावं असं सांगितलं. सोळा ते अठरा या वयातल्या प्रकरणांत शिक्षा देताना न्यायाधीशाला थोडी मोकळीक असावी, एवढी सूचना केली. म्हणजे पहिला मुद्दा तूर्त मिटला. उरला तो दुसरा, शाळेचा. माझ्या मते खरा मुद्दा तोच होता. कायदा चूक की बरोबर यावर माणसं वाद घालत राहतील, पण जो कायदा सोळा वर्षांच्या पोराला दहा वर्षांच्या शिक्षेची भीती घालतो, तो त्या पोराला माहीत तरी हवा.

इथंच बहुतेकांच्या मनात गाडी अडते. कायदा सांगायचा म्हणजे संबंध म्हणजे काय हे सांगावं लागणार. ते सांगायचं म्हणजे शरीर सांगावं लागणार. आणि शरीराचं नाव काढलं की मास्तर खिडकीबाहेर बघायला लागतात.

मग लैंगिक शिक्षण म्हणजे नेमकं काय

‘मुलांना ते कसं करायचं हे शिकवणार’ अशी जी धास्ती पालकांच्या मनात असते, तिच्याशी या विषयाचा फारच थोडा संबंध आहे. युनेस्कोनं २००९ मध्ये याबद्दल मार्गदर्शिका काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. पाच ते आठ, नऊ ते बारा, बारा ते पंधरा आणि पंधरा ते अठरा व त्यापुढचे, असे वयाचे टप्पे तिनं केले आहेत. नाती, मूल्यं, स्त्री-पुरुष समानता, हिंसेपासून सुरक्षितता, शरीराची वाढ, आरोग्य, असे आठ धागे प्रत्येक टप्प्यावर वयाला पेलतील तेवढेच पुढे न्यायचे. पहिलीतल्या पोराला काँडम दाखवा असं कुणीही म्हणत नाही.

पहिली-दुसरीत काय असतं? आपल्या अवयवांची नावं. हसू नका, हे महत्त्वाचं आहे. ज्या मुलाला त्या जागेचं नावच दिलेलं नाही, ते मूल त्रास झाला तर ‘पोटात दुखतंय’ म्हणतं आणि आई ओवा देते. दुसरं म्हणजे सुरक्षितता. आता बहुतेक शाळांत ‘गुड टच, बॅड टच’ शिकवतात. भिंतीवर चित्र असतं, वर्षातून एकदा कुणीतरी येऊन सांगून जातं. चांगलं आहे, पण अपुरं. त्यात मूल असं धरून चालतं की वाईट स्पर्श दुखणार, आणि करणारा माणूस वाईट दिसणार. प्रत्यक्षात काय होतं? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला, तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून. निम्म्याहून अधिक मुलांनी, ५३ टक्क्यांनी, कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. काका, शेजारचा दादा, शिकवणीचे सर. तो गुदगुल्या करतो, बोराची पुडी देतो, आणि म्हणतो, हे आपलं गुपित हं.

म्हणून लहान मुलांना स्पर्श चांगला की वाईट हे ओळखायला लावण्यापेक्षा सरळ नियम सांगणं बरं. आंघोळ-स्वच्छता करणारी घरची माणसं आणि आईसमोर तपासणारा डॉक्टर सोडून त्या जागेला कुणी हात लावायचा नाही, कुणाच्या त्या जागेला आपण लावायचा नाही, आणि शरीराबद्दल ‘कुणाला सांगू नको’ असं जो म्हणेल त्याचं नाव आधी घरी सांगायचं. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. घरात कुणीच ऐकत नसेल तर शाळेत, नाहीतर १०९८ वर. तो क्रमांक मोफत आहे. यात लैंगिक असं काही आहे का? पण लैंगिक शिक्षणाचा पहिला धडा हाच आहे, आणि ज्यांचा या शिक्षणाला कडाडून विरोध आहे त्यांच्याही घरातल्या लेकरांना तो हवाच असतो.

चौथी ते सातवी हा टप्पा सगळ्यांत दुर्लक्षित. पाळी बहुतेक मुलींना अकरा ते चौदा या वयात सुरू होते, काहींना नवव्या-दहाव्या वर्षीही येते. म्हणजे पाचवीच्या वर्गात एखाद-दुसऱ्या मुलीला आलेली असू शकते. आणि पुस्तकात किशोरावस्थेचा धडा येतो आठवीत! तोवर बहुतेकींनी तो दिवस भोगून झालेला असतो. काहींना वाटतं आपल्याला मोठा आजार झाला. घरात आजी ‘कावळा शिवला’ म्हणते, एका कोपऱ्यात बसवते, लोणच्याला हात लावू देत नाही. नंतर कुणी ओटी भरतं, गोडधोड होतं. सोहळा होतो, माहिती मिळत नाही. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला बाळाच्या तयारीनं जाड होतं आणि बाळ राहिलं नाही की रक्तावाटे बाहेर पडतं. पहिली एक-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. कापड असो की पॅड, ते वेळच्या वेळी बदलायचं आणि कापड उन्हात वाळवायचं, पलंगाखाली नाही. पाचवीच्या मुलीला एवढं दहा मिनिटांत समजतं.

कर्नाटकात ‘शुचि’ नावाच्या योजनेतून सरकारी शाळांतल्या मुलींना मोफत पॅड मिळतात. मधे काही वर्षं ती बंद पडली होती, २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. वाटपाच्या दिवशी बहुतेक ठिकाणी मुलींना एका वर्गात बसवतात आणि मुलांना मैदानावर सोडतात.

मैदानावर सोडलेली मुलं

या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलीला निदान पाळीच्या निमित्तानं कुणीतरी, अर्धवट का होईना, काहीतरी सांगतं. मुलाला कुणीच काही सांगत नाही. आवाज फुटतो, मिसरूड येतं, त्याची चेष्टा होते, आणि संपलं. एक दिवस झोपेत वीर्य जातं आणि पोरगं हादरतं. बापाला विचारायची सोय नाही. मग ते बाहेर शिकायला जातं.

बाहेर काय आहे? हायवेच्या कडेच्या भिंती आहेत. निपाणीपासून हत्तरगीपर्यंत गाडीतून जाताना चुन्यानं रंगवलेल्या जाहिराती आपण सगळ्यांनीच वाचल्यात: ‘गुप्तरोग, धातू जाणे, कमजोरी, लग्नाआधी भेटा’. या धंद्याचं भांडवल एकच समज आहे, की वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे शंभर थेंब. तो समज साफ खोटा. वीर्य शरीरात सतत तयार होत असतं आणि बाहेर पडलं म्हणून रक्त, ताकद, स्मरणशक्ती यातलं काही कमी होत नाही. झोपेत जाणं नैसर्गिक आहे. हस्तमैथुनानं कमजोरी येत नाही, लग्नानंतर मूल व्हायला अडचण येत नाही. हे कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरला विचारा. पण पोरगं डॉक्टरकडे जात नाही, ते भिंतीवरच्या नंबरला फोन करतं आणि दोन-तीन हजारांची पावडर घेऊन येतं.

दुसरी शाळा हातात आहे, मोबाइल. तिथं जे दिसतं ते पैशासाठी केलेलं नाटक आहे, त्यातल्या बाईला हवं-नको विचारलं जात नाही, आणि ते पाहून वाढलेल्या मुलाला ‘नाही’ या शब्दाचा अर्थ कळणं अवघड जातं. संमती म्हणजे काय हे मुलांना शिकवायचं ते यासाठी. गप्प बसली म्हणजे हो नाही. कालचं हो आज चालत नाही. आणि अठराच्या आत कायद्यापुढे हो ला किंमतच नाही. वर्गातल्या मुलीचा एखादा उघडा फोटो कुणी ग्रुपवर टाकला आणि आपण तो पुढे ढकलला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. गंमत म्हणून केलं, हे तिथं चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये लहान मुलांच्या अश्लील चित्रफितींबद्दल निकाल दिला: त्या पाठवणं सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. त्याच निकालपत्रात न्यायालयानं लैंगिक शिक्षणाबद्दलच्या गैरसमजांवर बरंच लिहिलं आहे, आणि झारखंडमधल्या ‘उडान’ या शालेय कार्यक्रमाचा दाखला दिला आहे.

आता मुलगा-मुलगी या दोन खोक्यांत न बसणाऱ्यांचंही सांगायला हवं. सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर देवीला वाहिलेले जोगते आपल्या मुलांनी पाहिलेले असतात, ‘जग’ म्हणजे देवीची मूर्ती असलेली टोपली घेऊन साडीत नाचणारे. मुलं विचारतात, हा बाप्या आहे का बाई? घरचे म्हणतात, गप, आई कोपेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ मध्ये सज्ञान व्यक्तींमधले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले, कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का आरक्षण दिलं. देवीच्या डोंगरावर ज्याच्या पाया पडायचं, त्याच चालीच्या मुलाला वर्गात मात्र चिडवून शाळा सोडायला लावायची. शिक्षकानं एकदा जरी त्या मुलाची बाजू घेतली, तरी बराच फरक पडतो.

दोन सरकारांचं झालेलं एकमत

आपल्या देशात हा विषय शाळेत आला तो एड्सच्या भीतीनं. २००५ मध्ये केंद्राचं मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी ‘किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम’ आखला. शिक्षकांसाठी चित्रांचे तक्ते आले आणि त्या चित्रांवरून रान उठलं. २००७ मध्ये एकापाठोपाठ एक राज्यांनी तो थांबवला. त्यांत महाराष्ट्र होता आणि कर्नाटकही होतं. सीमाप्रश्नावर ज्या दोन सरकारांचं अर्धशतकात एकमत झालं नाही, त्यांचं इथं काही महिन्यांत झालं! पुढे राज्यसभेच्या याचिका समितीनं, व्यंकय्या नायडू तिचे अध्यक्ष होते, २००९ मध्ये शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असा अहवाल दिला.

‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ हा तेव्हाचा मुख्य आक्षेप. मराठी माणसानं हे म्हणताना थोडं थांबावं. संमतीच्या वयावरून महाराष्ट्रात १८९१ साली केवढं रणकंदन झालं! प्रश्न होता दहाचं बारा करायचं की नाही, टिळक विरोधात, आगरकर बाजूनं. आणि १९२७ मध्ये रघुनाथ धोंडो कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं ते याच विषयासाठी, मराठीत. गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यांनी आधीच गमावली होती. खटले झाले, दंड झाले; १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. १९५३ मध्ये मरेपर्यंत कर्व्यांनी मासिक चालवलं. विषय परदेशातून आला म्हणणाऱ्यांनी ही सव्वीस वर्षं कुठं ठेवायची?

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: सांगितलं की मुलं करून बघतील. युनेस्कोच्या मार्गदर्शिकेमागे जगभरातल्या अभ्यासांचा आढावा आहे. त्यात उलटं दिसलं. नीट शिकवलं तर मुलं लवकर सुरू करत नाहीत. बऱ्याच ठिकाणी उशिराच करतात, आणि केलं तर सावधपणे. ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच बजावणाऱ्या कार्यक्रमांचा परिणाम मात्र दिसला नाही. तिसरा आक्षेप, हे आईबापांनी सांगावं. अगदी मान्य. सांगतात का, एवढंच विचारतो. आणि ज्या घरात त्रास देणारा घरातलाच आहे, त्या पोरीनं कुणाकडं बघायचं?

बंदीच्या काळानंतर चित्र हळूहळू पालटतंय. २०१४ मध्ये दहा ते एकोणीस वयाच्यांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याखाली कर्नाटकात सरकारी दवाखान्यांत ‘स्नेह क्लिनिक’ चालतात. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या छत्राखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. त्यात अकरा विषय आहेत. प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही हा त्यांतला फक्त एक. बाकी भावनिक आरोग्य, नातेसंबंध, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, यांना प्रशिक्षण देऊन आठवड्याला एक तास घ्यायचा अशी योजना. ‘लैंगिक’ हा शब्द मथळ्यात न आणता विषय आत नेण्याची ही युक्ती मला तरी शहाणपणाची वाटते. मार्च २०२५ मध्ये कर्नाटकाचे शिक्षणमंत्री मधू बंगारप्पा यांनी आठवी ते बारावीच्या मुलांना लैंगिक शिक्षण देणार असल्याचंही जाहीर केलं.

आपल्या मुलांना कुठल्या भाषेत

आता येतो तो प्रश्न, जो बेंगळुरूतही कुणाला सुचत नाही आणि मुंबईतही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांना पुस्तकं कर्नाटक सरकारच देतं, मराठीत देतं. आठवीचा किशोरावस्थेचा धडा, दहावीचा प्रजननाचा धडा मराठीतून छापलेला असतो. ‘हा धडा घरी वाचा’ असं सांगून वर्गात तो ओलांडला जातो ही वेगळी गोष्ट. पण निदान हातात असतो. पुस्तकाबाहेरचं सगळं मात्र कन्नडमध्ये चालतं. आरोग्य खात्याची भित्तिपत्रकं, शिक्षकांची प्रशिक्षणं, शाळेत येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं बोलणं. आपली मुलं कन्नड शिकतात, सातवी-आठवीतलं पोर दुकानात, बसमध्ये मजेत बोलतंही. पण तिकीट मागण्याइतकी भाषा येणं निराळं आणि ‘सिस्टर, मला अंगावरून पांढरं जातंय, हे आजारपण आहे का’ हे विचारण्याइतकी भाषा येणं निराळं. लाजेचा प्रश्न परक्या भाषेत निघत नाही. सिस्टर विचारते, काही शंका? वर्ग गप्प. ती म्हणते, मुलांना सगळं समजलं. वहीवर सही होते.

दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं असावीत म्हणून आपण मोर्चे काढतो, दगड खातो, गुन्हे अंगावर घेतो. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण पाळीची माहिती मराठीत द्या, पोक्सोचं पत्रक मराठी शाळेत मराठीत लावा, म्हणून निघालेलं एखादं निवेदन मी अजून पाहिलेलं नाही. घटनेचं ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असं सांगतं. त्याच्या आधारे ही मागणी करता येईल, आणि तिच्यात कुणाच्या भावना दुखावण्यासारखं काही नाही. साहित्य नव्यानं लिहायचीही गरज नाही. हद्दीपलीकडे महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याचं सगळं कामकाजच मराठीत चालतं. कायद्याचा भाग तेवढा कर्नाटकाचा घालायचा, कारण सुरुवातीला पाहिलं तसं बालविवाहाचं इथलं कलम वेगळं आहे.

कायदा वेगळा असून आकडे मात्र सारखेच आहेत, हे पाहून मला थोडं खिन्न व्हायला झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या कर्नाटकात २१.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के. पाचांत एक. नुसतं कलम कडक केल्यानं फारसं हललेलं दिसत नाही.

शाळेत जाऊन विचारायचं काय

प्रत्येक सरकारी शाळेत एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती, असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. म्हणजे ही जागा आपलीच आहे, भांडायला बीईओच्या, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसात जायची गरज नाही. शालेय आरोग्य कार्यक्रमाचे दोन शिक्षक आपल्या शाळेत कोण, त्यांचं प्रशिक्षण झालं का, कुठल्या भाषेत झालं, आठवड्याचा तो तास वेळापत्रकात कुठं आहे, हे विचारायचं. खेड्यातल्या लहान शाळेत एकच गुरुजी तीन वर्ग सांभाळत असतील तर त्यांच्यावर हे लादून उपयोग नाही. तिथं जवळच्या हायस्कूलच्या बाई, अंगणवाडीच्या ताई किंवा गावातलीच एखादी मराठी बोलणारी नर्स महिन्यातून एकदा येईल का, हे बघावं लागेल. मुलांच्या प्रश्नांसाठी नाव न घालता चिठ्ठी टाकायची पेटी ठेवावी. पेटी चालते, कारण तोंडानं न निघणारा प्रश्न कागदावर निघतो. फक्त ती उघडून उत्तरं द्यायला ठरलेला माणूस हवा, नाहीतर तीही शाळेतल्या इतर पेट्यांसारखी धूळ खाते. मुलांना वर्गातच बसवायचं, मैदानावर पाठवायचं नाही, हेही ठरावात लिहून घ्यावं.

ही बैठक जूनमध्येच घ्यायला लावा. दिवाळीनंतर एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या परीक्षेचा, अभ्यास सुरू झाला, की वेळापत्रकातून सगळ्यांत आधी हाच तास कापला जातो.